तिकोनी जुळ्यांचं वजन

गाडी फाटकातून आत आली ती थरथरतच. आत बसलेले सासरेही थरथरत होते. त्यांनी किल्ली फिरवली तशी गाडी गप्प झाली, सासरे मात्र पुढे बराच वेळ हलत राहिले.

"जावईबापू," छपराचा आधार घेत ते म्हणाले, "वळणावर माझी कवळी निसटून स्टिअरिंगवर पडली. हिला कुणालातरी दाखवायलाच हवं."

दाखवून झालंच होतं. गावातल्या तीन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं हळूच परत लावलं. कारण या गाडीचं इंजिन रोटरी होतं. इतर गाड्यांत पिस्टन खालीवर नाचतात. हिच्यात दोन त्रिकोणी लोखंडी ठोकळे एका दांड्यावर गरगर फिरत. शेवटच्या गॅरेजवाल्याने तर स्पष्टच सांगितलं, "ह्यात पिस्टनच नाहीत. मग मी बिघडलंय काय म्हणून सांगू?"

सासऱ्यांना घाई होती. जन्मभर त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं, अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेकमधला फरक ओरडून ओरडून समजावला होता. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "परवाना महिनाअखेरीस संपतोय, पुढच्याला मी सही देणार नाही." सासऱ्यांनी त्यावर वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "मग त्याआधी एकदा माझी गाडी मला नीट चालवू द्या. अशी हुडहुडी भरलेली नको."

हे ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले. आणि त्याच टेबलावर जावयाच्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय, आपणच उघडू की!"

जावई छापखान्यात मुद्रितशोधक होते. हरवलेल्या टिंबामागे ते जिने चढत-उतरत धावत, म्हणून छापखान्याने त्यांना अनुस्वारराव म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. गाडी त्यांना चालवता येई, पण तिच्या यंत्राशी त्यांचा संबंध एवढाच, की मोटार अभियांत्रिकीच्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकाची मुद्रितं त्यांनी दोनदा वाचली होती. त्यातला रोटरी इंजिनाचा धडा त्यांना चांगला आठवत होता, कारण त्यात 'त्रिकोणी'ची वेलांटी पानोपानी चुकली होती. शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्या इंजिनात आता काहीही दोष उरला नव्हता, याची त्यांना खात्री होती.

"अहो," बायको म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही इस्त्री उघडली होती."

"इस्त्रीचं पुस्तक मी वाचलेलं नव्हतं," अनुस्वारराव म्हणाले.

झालं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी इंजिन खाली उतरलं. ते कसं उतरलं हे विचारू नये. एक दोर, एक शिडी, आणि समोरच्या घरातले अनुभवी एवढं साहित्य लागलं. अनुभवी हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझा अनुभव सांगतो" अशी करत आणि त्यांना अनुभव नाही अशी वस्तू अजून गल्लीत यायची होती.

"माझा अनुभव सांगतो," ते शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाले, "उघडताना प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा."

म्हणून घरातल्या सगळ्या वाट्या खाली गेल्या आणि तो आठवडाभर घरात आमटी कपातून प्यावी लागली.

इंजिन उघडल्यावर रोग सापडला. त्रिकोणी ठोकळ्याच्या, म्हणजे रोटरच्या, प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते. एका रोटरची एक पट्टी तुटून तिने त्याच्या अंगावर असे ओरखडे काढले होते, की जणू मांजर कोंडलेली पिशवी त्याने अंगात घातली असावी. दुसरा रोटर ठणठणीत होता. अनुस्वाररावांनी दोघांना वर्तमानपत्रावर शेजारी-शेजारी ठेवलं आणि निकाल दिला, "हा बदलायचा."

जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक माणूस दूरच्या शहरात सापडला. त्याने रोटर आणि पट्ट्या पार्सलने पाठवल्या. आता पार्सल आलं म्हणजे ते मिळालं, असा आपला समज असतो. पार्सल कचेरीतल्या कारकुनाने खोकं पुढे ओढलं, झाकण उचकटून आत पाहिलं आणि हात झटकले.

"काय आहे हे?"

"रोटर."

"पंख्याचा?"

"इंजिनाचा."

"इंजिन अख्खं लागेल. सुटं इंजिन आमच्या वर्गवारीत बसत नाही."

"हे इंजिन नाही हो, इंजिनातला रोटर."

"म्हणजे पंखाच," कारकून म्हणाला, "पण मग पाती कुठायत?"

त्यावर अनुस्वाररावांनी त्याला रोटरी इंजिनाचं तत्त्व समजावून सांगायला घेतलं. रांगेतल्या लोकांनीही ते ऐकलं. एका बाईंनी दोन शंका विचारल्या. कारकुनाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे घरात टेबलावर ठेवता येतं का?"

"ठेवता येतं. सध्या एक तिथेच आहे."

"मग असं बोला ना!" त्याने शिक्का उचलला. रोटर 'शोभेच्या वस्तू, टेबलावरील' या सदरात सुटला. ज्या माणसाने जन्मभर चुकीचा शब्द पानावर राहू दिला नव्हता त्याने मान खाली घालून तो शब्द पदरात घेतला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

खरी रुखरुख पुढे होती. पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य त्यांना आठवायला लागलं: दोन्ही रोटरांची वजनं जुळली पाहिजेत, नाहीतर सगळं इंजिन हादरतं. जुना आणि नवा रोटर त्यांनी दोन हातांत घेऊन पाहिले. उजवा जड वाटला. हात बदलले. पुन्हा उजवाच जड वाटला. अनुभवींनी घेऊन पाहिले, त्यांना डावा जड वाटला, कारण ते डावखुरे होते. स्वयंपाकघरातला काटा एवढ्या ओझ्याला पुरेना, आणि माणसाच्या वजनकाट्यावर दोघांचं वजन हुबेहूब सारखं भरलं. तो काटा मुळात सगळ्यांना थोड्याफार फरकाने सारखंच वजन दाखवत असे. बायकोने तो त्याच गुणासाठी ठेवला होता.

सासरे दर तासाला जिना उतरून येत. "झालं?" विचारत. "होतंय" म्हटलं, की मागे हात बांधून इंजिन नसलेल्या गाडीभोवती एक फेरी मारत, टायरला बोटाने टिचकी मारत आणि वर जात. ते वर पोचायच्या आत अनुस्वाररावांचे पाय आपोआप येरझाऱ्या घालू लागत. पानं तपासताना छापखान्यात त्यांनी 'वजीर'चा 'वजन' केला आणि एका ऐतिहासिक कादंबरीत राजाने वजनाला कैदेत टाकलं.

तेव्हा त्यांना एकदम सुचलं. सव्वाचार-साडेचार किलो, आणि तेही ग्रॅमपर्यंत अचूक कुठे मोजतात? बाळांच्या दवाखान्यात!

आता त्यांची बायको याच दवाखान्यात सिस्टर होती. पण त्या दिवशी तिची सुट्टी होती, असं त्यांना वाटत होतं. दोन्ही रोटर त्यांनी नीट पुसले, तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून धुवट चादरीत एकेक गुंडाळले, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर घेतला आणि दवाखान्यात रांगेत जाऊन बसले.

सगळ्या आया त्यांच्याकडे वळल्या.

"जुळी?" शेजारच्या आजीबाईंनी विचारलं.

अनुस्वाररावांना खोटं बोलवत नसे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "तशी एकाच कुळातली आहेत, पण एक दत्तक घेतलंय."

आजीबाईंचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही एकटेच घेऊन आलात दोघांना! बघा, शिका जरा." हे त्या पलीकडे बसलेल्या आपल्या जावयाकडे बघून म्हणाल्या. जावई बूट निरखू लागला. "केवढी गुणी आहेत हो. हूं का चूं नाही."

"चालू झाल्यावर कळेल," अनुस्वारराव म्हणाले. ही रांग संपू नये असं त्यांना वाटू लागलं होतं. महिन्याभरात त्यांच्याविषयी कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

"पुढचं बाळ!" आतून आवाज आला. आवाज ओळखीचा होता. पण तोवर ते पडद्याच्या आत गेले होते.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, खांद्यांवरच्या चादरींकडे पाहिलं. चादरी घरातल्याच होत्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "खाली ठेवा ते."

"काट्यावरच ठेवतो," म्हणून त्यांनी ठेवला. चादर सुटली. पडदा अर्धवट उघडा होता. बाहेरच्या आजीबाईंनी डोकावून त्रिकोणी काळपट लोखंड पाहिलं आणि "अगं बाई" म्हणून बाकावर बसल्या.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काट्यावरचा आकडा वाचला, गळ्यातली नळी सावरली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "वजन उत्तम आहे. दुसरं ठेवा."

दुसरं थोडं जास्त भरलं. जेमतेम दोन चमचे साखरेएवढा फरक. अनुस्वारराव हरखले. बायको हरखली नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मला तिथे 'इंजिनाची आई' म्हणणार आहेत." आणि म्हणालेच.

फरक सापडला, आता तो काढायचा. त्यासाठी गावाबाहेर मोठमोठे कारखान्याचे पंखे आणि पंपांचे दांडे तोलून देणारा एक कारागीर होता. सगळे त्याला पंखेवाला म्हणत. त्याच्याकडे एक यंत्र होतं. त्यावर दांडा फिरवला, की कुठली बाजू जड ते काटा दाखवी. पंखेवाला भारी बोलका. "साहेब, जगात सगळं तोलावर आहे," असं म्हणून त्याने नव्या रोटरच्या आतल्या अंगाने थोडं लोखंड खरवडलं आणि जुन्याच्या बरोबरीला आणलं. इथवर सुरेख झालं. मग तो म्हणाला, "आता दांडाही ठेवून जा. त्याचाही तोल बघून देतो."

इंजिनाच्या या दांड्याला दोन गोल फुगवटे असतात, एक एका अंगाला, दुसरा उलट अंगाला. त्यांवर रोटर बसतात. आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन अर्धवर्तुळाकार वजनं असतात. पंखेवाल्याने दांडा यंत्रावर चढवला, फिरवला, आणि काटा थेट टोकाला जाऊन आदळला.

"हेच!" पंखेवाला ओरडला. "इथेच दुखणं आहे तुमचं! ही टोकाची वजनं बघा, प्रत्येक एकाच बाजूला कललेलं. हे कुणी बनवलं?"

"जुनं काम आहे," अनुस्वारराव म्हणाले. बनवणाऱ्याची चूक सापडली, की त्यांना कसा हुरूप येई. पंखेवाल्याने दोन्ही वजनांना भोकं पाडली. काटा थोडा खाली आला. आणखी पाडली. अनुस्वारराव शेजारी उभे राहून "अजून एक, अजून एक" करत होते. शेवटी वजनं चाळणीसारखी झाली आणि काटा शून्यावर स्थिर उभा राहिला. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

इंजिन जोडून गाडीत बसवलं त्या दिवशी अर्धी गल्ली जमली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून आले. अनुस्वाररावांनी किल्ली फिरवली.

आधी बॉनेट थरथरलं, मग अख्खी गाडी, मग शिडी आपण होऊन भिंतीवरून सरकत खाली आली. गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेत कडेकडेने चालू लागली. अनुभवींच्या घरातलं काचसामान किणकिणू लागलं, आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, तुमचा हा कुठला अनुभव?" अनुस्वाररावांना किल्लीची नेमकी जागा दिसेना, कारण त्यांना एकाच्या चार किल्ल्या दिसत होत्या. शेवटी बायकोने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं.

अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो..." आणि काय वाटलं कोण जाणे, पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून घरी गेले.

सासऱ्यांनी सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली. "राहू द्या, जावईबापू. तुम्ही पुष्कळ केलंत." त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी अनुस्वारराव गाडीत बसून राहिले. छापखान्यातून दोनदा निरोप आला, ते गेले नाहीत. कुठली तरी चूक समोर उभी होती आणि त्यांना ती वाचता येत नव्हती. असं त्यांचं कधी झालं नव्हतं. बायको चहा घेऊन आली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"बाबा रात्री कूस बदलत असतात," ती म्हणाली. "महिना संपत आला. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा त्यांना. पण इथे लपून बसू नका."

"लपलेलो नाही. विचार करतोय."

"मग मोठ्याने करा."

म्हणून ते मोठ्याने करू लागले. रोटर खरवडला, वजनं भोकं पाडून हलकी केली, काटा शून्यावर आला, सगळं सांगितलं. खिडकीबाहेर सासरे टायरला टिचकी मारायला आले होते, ते तिथेच थांबले.

"दांडा फिरवला तेव्हा हे दोन तिकोनी त्याच्यावर होते का?" सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं.

"त्रिकोणी," अनुस्वारराव सवयीने म्हणाले. "नव्हते. नुसता दांडा."

"मग तर झालंच. माझे शिकाऊ हेच करायचे. रिकामी गाडी घेऊन चढावर थांबायची परीक्षा द्यायचे, पास व्हायचे, आणि घरी गेल्यावर पाच माणसं भरून त्याच चढावर मागे घसरायचे. ती टोकाची वजनं त्या दोघांचं ओझं पेलायलाच दिली असतील ना? तुम्ही ओझं उतरवून तोल बघितलात."

अनुस्वाररावांनी चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. मग दार उघडलं आणि चप्पल न घालता रस्त्यापर्यंत गेले, तिथून परत येऊन चप्पल घालून गेले.

पंखेवाल्याने ऐकलं आणि तो मटकन स्टुलावर बसला. थोडा वेळ जगात काहीच तोलावर नव्हतं. "साहेब, ओरडा माझ्यावर," तो म्हणाला. पण 'अजून एक, अजून एक' कोण म्हणत होतं, हे दोघांनाही आठवत होतं. तेव्हा कुणीच ओरडलं नाही. इंजिन पुन्हा उतरवलं गेलं, वाट्या पुन्हा खाली गेल्या. पंखेवाल्याने पाडलेल्या भोकांत लोखंडाहून जड धातूच्या खुंट्या ठोकून वजनं परत भरली. मग रोटरांच्या ओझ्याइतकी दोन लोखंडी कडी बनवून दांड्याच्या फुगवट्यांवर आवळली, म्हणजे दांड्याला रोटर अंगावर असल्यासारखं वाटावं. फिरवलं, थोडं काढलं, फिरवलं, थोडं भरलं. अनुस्वारराव या खेपेला दोन्ही हात खिशात घालून, ओठ मिटून उभे होते. त्यांना ते किती जड गेलं हे कुठल्याच काट्यावर उमटलं नाही.

परवान्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा गाडी उभी होती आणि अनुभवी बॉनेटला कान लावून विचारत होते, "कधी चालू करताय?"

"चालूच आहे," अनुस्वारराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी गल्लीत ज्याला त्याला ऐकवलं.

बायकोने मात्र अट घातली: थेट रस्त्यावर नाही, आधी जुन्या गोदामांमागच्या मोकळ्या मैदानावर. तिथपर्यंत गाडी अनुस्वाररावांनी नेली. मग सासरे स्टिअरिंगवर बसले. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, आणि गाडी अशी उचलली की ती कधी हलली ते कळलं नाही. मैदानाला एक संथ फेरी घातली. दुसऱ्या फेरीत वेग घेतला. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं, सासऱ्यांचा चेहरा उजळला होता, आणि मागच्या चिंचोळ्या जागेत गुडघे कानाशी घेऊन बसलेल्या अनुस्वाररावांना वाटलं, आता कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हणावं.

तेवढ्यात खण्ण असा आवाज झाला. सासऱ्यांनी गाडी थांबवली. गोदामाच्या भिंतीशी टेकवलेली राखणदाराची सायकल आडवी पडली होती, तिचं चाक अजून फिरत होतं.

"काही नाही झालं बाबा," बायको घाईने म्हणाली. "नुसती आडवी पडलीय."

सासरे समोर बघत राहिले. "दिसलीच नाही गं मला," ते म्हणाले. "भर उन्हात, लाल सायकल."

त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, सायकल उचलून भिंतीला नीट लावली, तिचं हँडल सरळ केलं. परत आले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती. अनुस्वारराव कसेबसे बाहेर निघाले, अंगावरची धूळ झटकली आणि हात पुढे केला. महिनाभराच्या कष्टांनंतर त्यांना तो हात पुढे करण्याचा हक्क होता, असं कुणीही म्हणेल.

सासऱ्यांनी तो हात हलकेच बाजूला सारला आणि किल्ली मुलीला दिली.

"बाबा, मला येत नाही."

"ठाऊक आहे. अख्ख्या गावाला शिकवत बसलो, घरची म्हणून तुझा नंबर शेवटी आला. बस."

ती बसली. सासरे शेजारी बसले. अनुस्वाररावांनी एकदा दोघांच्या पाठींकडे पाहिलं आणि पुन्हा मागच्या जागेत घडी होऊन शिरले.

"क्लच हळू सोड. हळू! हळू म्हणजे सोडू नको असं नव्हे!"

"ओरडू नका!"

"मी ओरडत नाही, शिकवतोय!"

गाडी बेडकासारखी उडाली, थबकली, पुन्हा उडाली. ग्रॅम-ग्रॅम तोलून, खरवडून, भरून सारखं केलेलं ते इंजिन पुढे तसंच गुणगुणत होतं आणि गाडी मात्र अशी गचके खात होती की अनुस्वाररावांचं डोकं छपरावर, गुडघ्यांवर आणि मागच्या काचेवर आळीपाळीने आपटत होतं.

"सासरेबुवा, निदान सीट थोडी पुढे..."

"मागच्यांनी बोलायचं नाही!" सासरे गरजले. असा आवाज घराने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "आता दुसरा गिअर. घाबरू नकोस, मी आहे ना."

गिअरची दांडी खटकन जागेवर बसली. गचके थांबले. बायकोने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, आणि गाडी लाल सायकलीला लांबून वळसा घालून मैदानाच्या मोकळ्या बाजूला निघाली.